देव न मानणारे गोरा आणि सेवाग्रामात लागलेलं लग्न

गांधीजींच्या हत्येला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात १३ मार्च १९४८ रोजी एक लग्न लागलं. मुलगी आंध्रातल्या ब्राह्मण घरातली. मुलगा त्याच भागातल्या खेड्यातला, त्या काळी अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवलेल्या समाजातला. लग्नात देवाच्या नावाने शपथ नव्हती, तिथे सत्याचं नाव घेतलं गेलं. आणि हे असं करायचं, हे जाण्याआधी मान्य करून गेले होते खुद्द गांधीजी, ज्यांचा दिवस प्रार्थनेने सुरू व्हायचा आणि प्रार्थनेनेच मावळायचा.

मुलीचे वडील म्हणजे गोपराजू रामचंद्र राव. नावातली पहिली अक्षरं घेऊन ते स्वतःला 'गोरा' म्हणवून घ्यायचे, आणि पुढे सगळा देश त्यांना त्याच नावाने ओळखू लागला. आपल्याकडे अंधश्रद्धेविरुद्धचं काम म्हटलं की डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं नाव पटकन येतं. त्यांच्या कामाच्या कितीतरी आधी, तेलुगू मुलखातल्या खेड्यापाड्यांत हा वनस्पतीशास्त्राचा मास्तर ग्रहण, भूत, नशीब आणि जात यावर बोलत फिरत होता. सेवाग्रामशी त्यांचं एवढं नातं असूनही आपल्या भागात त्यांचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे.

गोरांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०२ चा, आताच्या ओडिशातल्या छत्रपूरचा. घर तेलुगू ब्राह्मणाचं, सोवळं-ओवळं कडक. १९२२ साली त्यांचं लग्न झालं तेव्हा मुलगी, म्हणजे सरस्वतीबाई, अवघ्या दहा वर्षांच्या होत्या. त्या काळात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गोरा शिकत राहिले आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून वनस्पतीशास्त्रात एम.ए. पर्यंत पोहोचले. घरातला मुलगा एवढा शिकला म्हणजे आता नोकरी, घर, मानमरातब हे सगळं ठरलेलंच होतं.

पहिली नोकरी मदुराईच्या अमेरिकन कॉलेजात. पोरगा हुशार आहे हे मिशनऱ्यांच्या लक्षात आलं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पीएच.डी.ला पाठवायची तयारी त्यांनी दाखवली, अट एकच, ख्रिस्ती व्हायचं. गोरांनी नकार दिला. तेव्हा ते अजून नास्तिक झालेले नव्हते, त्यामुळे हा नकार नास्तिकपणातून आला असं म्हणता येत नाही. मनाला न पटता धर्माचा कागद बदलून डिग्री घ्यायची हे त्यांना जमलं नाही, इतकंच. पुढे नोकऱ्या गेल्या त्याही थोड्याफार याच स्वभावामुळे.

मदुराईनंतर ते कोइमतूरला गेले, तिथल्या शेती संशोधन संस्थेत कापसावर काम केलं. तिथून श्रीलंकेत, कोलंबोच्या आनंद कॉलेजात शिकवायला. सरस्वतीबाई सोबत होत्या. कोलंबोत असतानाच त्या गरोदर होत्या आणि सूर्यग्रहण आलं.

गरोदर बाईने ग्रहणात बाहेर पडायचं नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही, नाहीतर पोराला व्यंग येतं, हे आजही आपल्या गावागावांत सांगितलं जातं. ग्रहणाच्या दिवशी गरोदर सुनेला खोलीत निजवून ठेवणारी घरं अजून आहेत. सरस्वतीबाई त्या दिवशी बाहेर पडल्या. वय जेमतेम पंधरा-सोळा, माहेर कर्मठ, परका मुलूख, आणि काही बरंवाईट झालं असतं तर सगळा दोष त्यांच्याच माथी आला असता. मूल धडधाकट जन्माला आलं. ग्रहण म्हणजे सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये चंद्र येतो आणि त्याची सावली आपल्यावर पडते, हे गोरांना पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकातलं खरं मानून स्वतःच्या पोटातल्या पोराला त्या सावलीत नेलं ते सरस्वतीबाईंनी. गोरांच्या कामाचं बोलताना या बाईला बाजूला ठेवलं तर निम्मी गोष्ट राहून जाते. (ग्रहणात धोका असतो तो डोळ्यांना. खास चष्म्याशिवाय सूर्याकडे बघितलं तर डोळे जाऊ शकतात, मग ते गरोदर बाईचे असोत की पैलवानाचे.)

नंतर काकीनाडा. ज्या कॉलेजात गोरा शिकले त्याच पी. आर. कॉलेजात १९२८ ला शिकवायला लागले. तिथे एक घर भुताटकीचं म्हणून ओस पडलं होतं. गोरा तिथे राहायला गेले. काही झालं नाही. असे प्रयोग ते लोकांना सांगायचे आणि लोक ऐकायचेही. भूत नाही म्हणणारा माणूस भुताच्या घरात झोपून उठलाय म्हटल्यावर ऐकणं भागच पडतं.

पण जानवं काढून ठेवलं तेव्हा गोष्ट घरापर्यंत आली. जातवाल्यांनी दबाव आणला आणि गोरांना बापाचं घर सोडावं लागलं. गावात वाळीत टाकणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे जास्त सांगायला नको. लग्नकार्याचं बोलावणं बंद होतं, पाणी बंद होतं, आणि सगळ्यात जास्त त्रास होतो तो घरातल्या बायकांना.

कॉलेजातही ते देवाबद्दलचे विचार उघड बोलायचे आणि लिहायचे. विद्यार्थ्यांना ते आवडायचे, संस्थेला नाही. १९३३ ला नोकरी गेली. पुढच्या वर्षी मच्छलीपट्टणच्या हिंदू कॉलेजात मिळाली, तिथेही तेच सुरू राहिलं आणि १९४० ला तीही सुटली. वनस्पतीशास्त्राची एवढी मोठी डिग्री असलेला, घरात लेकरांची रांग असलेला माणूस वयाच्या ३८ व्या वर्षी बिनपगारी झाला.

मुलांची नावं सांगायला हवीत, कारण त्यातूनच या घराचा अंदाज येतो. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, १९३० ला झालेला मुलगा लवणम, म्हणजे मीठ. एक विजयम. एक समरम, म्हणजे युद्ध. एक नियंता. एक मारू, म्हणजे बदल. नववं अपत्य म्हणून त्याचं नावच नौ. देवाचं नाव नाही, आजोबाचं नाही, नावावरून जातही कळू नये अशी सोय.

नोकरी सुटली तेव्हा कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावच्या लोकांनी त्यांना बोलावून घेतलं. १० ऑगस्ट १९४० ला तिथे नास्तिक केंद्र सुरू झालं. नाव मोठं वाटतं, पण होती खेड्यातली साधी झोपडीच. शहरातल्या हॉलमध्ये शिकल्या-सवरल्या लोकांसमोर विज्ञानावर बोलणं सोपं असतं. तिथे टाळ्या मिळतात. मुदुनूरमध्ये ऐकणारे होते शेतकरी, मजूर, आणि वाड्यातले, म्हणजे गावकुसाबाहेरचे लोक. गोरा प्रौढांना अक्षर शिकवायचे, जात आणि नशीब यावर बोलायचे, लोक विचारतील त्याची उत्तरं द्यायचे.

व्याख्यान ऐकून माणूस बदलतो असं कुणी मानत असेल तर त्याने सप्ताहाच्या शेवटच्या दिवशीची पंगत बघावी. आठ दिवस समतेवर कीर्तन ऐकलेलं गाव जेवायला बसताना कसं बसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोरांनी हे ओळखलं होतं. म्हणून त्यांनी भाषणाला जेवण जोडलं. सगळ्या जातींनी एकत्र बसायचं, एकाच भांड्यातलं खायचं, आणि हे एकदाच सणासारखं उरकून न टाकता पुन्हा पुन्हा करायचं. ताटाला ताट लागलं की कोण मनापासून ऐकत होता आणि कोण नुसता मान डोलवत होता हे आपोआप कळायचं. चळवळीच्या भाषेत याला सहभोजन म्हणतात. आपल्या महाराष्ट्रालाही ते नवं नाही, पण मुदुनूरमध्ये ते बोलवणाऱ्याच्या स्वतःच्या घरात आणि त्याच्या बायकोच्या चुलीवर होत होतं.

१९४२ च्या आंदोलनात घरचे बरेच लोक तुरुंगात गेले. सरस्वतीबाई तान्ह्या मुलाला घेऊन गेल्या.

आता गांधीजींकडे. गोरांनी त्यांना पहिलं पत्र १९३० ला लिहिलं होतं आणि देव या शब्दाचा तुमचा अर्थ काय असं विचारलं होतं. गांधीजींचं उत्तर थोडक्यात होतं, की देव माणसाच्या समजुतीपलीकडचा आहे. १९४१ ला गोरांनी पुन्हा लिहिलं, अस्पृश्यता घालवायला नास्तिकपणाचा उपयोग होतो, भेटायचं आहे. या वेळचं उत्तर तर आणखी कोरडं होतं, यात वेळ घालवू नका असंच त्यातून सुचवलेलं. एवढ्यावर कुणीही नाद सोडला असता. पण मुदुनूरच्या कामाची माहिती कार्यकर्त्यांमार्फत सेवाग्रामला पोहोचली आणि १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये गोरांना बोलावणं आलं.

फिरायला जाताना दोघांचं बोलणं झालं. गोरांनी कलकत्त्याची गोष्ट सांगितली. बंगालच्या दुष्काळात लोक रस्त्यावर भुकेने मरत होते आणि त्याच रस्त्यावर मिठाईची दुकानं भरलेली होती. मरणारा माणूस दुकानाला हात लावत नव्हता आणि खाऊन जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नव्हतं. गोरांचं म्हणणं असं, की दोघांच्याही मनात एकच समजूत बसलेली आहे. ज्याच्या त्याच्या कर्माचं, देवाच्या मर्जीचं. ही समजूत गेली तर उपाशी माणूस हक्क मागेल आणि पोटभरल्याला लाज वाटेल. देव आहे की नाही या पोथीतल्या वादात त्यांना रस नव्हता. माणूस आपल्या कष्टाची आणि चुकीची जबाबदारी स्वतःवर घेतो की दुसऱ्यावर टाकतो, एवढंच ते बघायचे.

गांधीजी नास्तिक झाले नाहीत. तसं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण सुरुवातीला वेळ वाया जाईल म्हणणाऱ्या गांधीजींनी पुढे हेही मान्य केलं, की आपली आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं आपण म्हणू शकत नाही. गोरा नंतर पुन्हा सेवाग्रामला येऊन राहिले, आश्रमात शिकवलंही.

तिथलाच एक प्रसंग आहे बेडकाचा. शरीराचं काम कसं चालतं हे शिकवताना हृदयाचा ठोका दाखवायला बेडूक कापावा लागणार होता. अहिंसेच्या आश्रमात बेडूक कापायचा म्हटल्यावर काही जणांनी हरकत घेतली. गोष्ट गांधीजींपर्यंत गेली. ठोका समजावायला दुसरा मार्ग नसेल तर कापा, असा त्यांचा निकाल होता. गाय-बकरीला दावणीत जपणाऱ्या आणि पिकावरच्या किडीवर फवारा मारणाऱ्या आपल्या लोकांना यातली अडचणही कळेल आणि निकालही कळेल.

आणि मग मनोरमाचं लग्न. ही गोरांची थोरली मुलगी. मुदुनूरकडच्याच अर्जुन राव या दलित तरुणाशी तिचं लग्न करायचं ठरलं. जातिभेद नको असं व्यासपीठावरून बोलणारे खूप असतात. मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की आवाज खाली येतो, कुंडली आठवते, घरच्या म्हाताऱ्यांची तब्येत आठवते. गोरांचे ऐकणारे लोकही याच गोष्टीकडे डोळे लावून बसले असणार, हा मास्तर आता काय करतो म्हणून. गांधीजींनी तोवर ठरवलं होतं, की नवरा-नवरीतलं एक तरी दलित असेल त्याच लग्नाला आशीर्वाद द्यायचा. ते म्हणाले लग्न सेवाग्रामलाच लावू, पण मुलगी अजून लहान आहे, दोन वर्षं थांबा. अर्जुन रावांना तोवर आश्रमात राहायला बोलावलं.

अडचण होती ती विधीची. आश्रमाच्या लग्नात देवाच्या नावाने शपथ घेतली जायची. देव न मानणाऱ्यांच्या तोंडी ती घालणं म्हणजे लग्नाची सुरुवातच खोट्याने करणं. गांधीजींनी देवाच्या जागी सत्य घालायला मान्यता दिली. लग्न लागलं तेव्हा ते पाहायला ते नव्हते. ३० जानेवारीला दिल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या. आश्रम दुःखात होता, तरी दिलेला शब्द आश्रमाने पाळला. १९६० ला लवणमचं लग्नही सेवाग्रामलाच झालं, मुलगी होती तेलुगूतले मोठे दलित कवी गुर्रम जाषुवा यांची हेमलता.

गांधीजींशी झालेल्या या सगळ्या बोलण्यावर गोरांनी इंग्रजीत एक छोटं पुस्तक लिहिलं. ते १९५१ ला नवजीवनने छापलं आणि त्याला प्रस्तावना दिली किशोरलाल मशरूवालांनी, जे स्वतः गांधीजींच्या जवळचे आणि श्रद्धाळू.

स्वातंत्र्याच्या वर्षीच केंद्र मुदुनूरहून विजयवाड्याजवळच्या पटमटाला हललं होतं. यानंतरच्या काळात गोरा राजकारणाकडे वळले, आणि इथे त्यांचा हिशेब जमला नाही असंच म्हणावं लागेल. पक्षच नकोत, लोकांनी पक्षाशिवाय प्रतिनिधी निवडावा, मंत्र्यांनी साधं राहावं, अशी त्यांची मागणी होती. १९५२ ला लोकसभेला उभे राहिले, १९६७ ला विधानसभेला. दोन्ही वेळा पडले. ग्रामपंचायतीचं पॅनल ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना पक्षाशिवायची निवडणूक हे किती लांबचं स्वप्न आहे ते सांगायला नको. तरी १९६१ च्या २ ऑक्टोबरला ते सेवाग्रामहून दिल्लीला पायी निघाले. सुमारे ११०० मैलांची वाट ९९ दिवसांत चालले. वय ५९. गावोगाव थांबायचं, बोलायचं, सकाळी पुढचं गाव धरायचं.

एक आंदोलन मात्र शेतकऱ्याला हमखास पटेल असं आहे. देशात धान्याची टंचाई असताना सरकारी बागांत आणि बंगल्यांच्या आवारात फुलझाडांना पाणी कशाला, तिथे भाजीपाला लावा, असा सत्याग्रह त्यांनी केला. लोक हसले. साहेबांच्या बंगल्यातलं हिरवळीचं पाणी आणि टेलचं कोरडं राहिलेलं वावर ज्याने बघितलंय, तो हसणार नाही.

१९७२ च्या १५ ऑगस्टला विजयवाड्यात त्यांनी गाईचं आणि डुकराचं मांस एकत्र खाण्याचा कार्यक्रम ठेवला. हिंदू-मुसलमान दोघांनीही खाण्यावरून एकमेकांना परकं मानू नये असा हेतू होता. वाद झाला. सहभोजनाने जे साधलं होतं ते याने साधलं का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. जेवणाच्या पंगतीत माणूस जवळ येतो, डिवचलं की लांब जातो. त्याच वर्षाच्या शेवटी विजयवाड्यात जगभरच्या नास्तिकांचं संमेलनही भरलं. 'संघम' हे तेलुगू पत्र आणि १९६९ पासून 'द एथिस्ट' हे इंग्रजी मासिक यामुळे तोवर त्यांचं नाव परदेशात पोहोचलं होतं.

केंद्राचे कार्यकर्ते पुढेही निखाऱ्यावरून चालून दाखवायचे. जत्रेत निखाऱ्यावर चालणं म्हणजे देवाची कृपा किंवा मनाची शुद्धता समजतात. लाकडाचा कोळसा उष्णता हळू सोडतो, वर राखेचा थर असतो, आणि पाय निखाऱ्याला लागतो तो सेकंदाच्या आत उचलला जातो. त्यामुळे नीट, न थांबता चाललं तर नवस केलेलाही पार होतो आणि देव न मानणाराही. थांबला तर दोघेही भाजतात. (घरी करून बघायची ही गोष्ट नाही.)

२६ जुलै १९७५. देशात आणीबाणी लागून महिना झाला होता. विजयवाड्यात सभा होती आणि गोरा बोलत होते. बोलता बोलताच ते कोसळले आणि गेले. वय ७२. आयुष्यभर ज्या कामासाठी नोकऱ्या आणि घर गमावलं, त्याच कामावर, लोकांसमोर उभे असताना.

सरस्वतीबाई त्यानंतर ३१ वर्षं जगल्या. पटमटाचं केंद्र त्यांनी आणि मुलांनी चालवलं. समरम डॉक्टर झाले. लवणम आणि हेमलता यांनी इंग्रजांच्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या स्टुअर्टपुरम वसाहतीत जाऊन काम केलं. २००२ साली गोरांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. सरस्वतीबाई ऑगस्ट २००६ मध्ये गेल्या.